१३ वर्षांच्या लॅबला पहाटे झटके आले: ही फिटच का, आणि आता काय करायचं?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं, की डॉली १३ वर्षांची लॅब्रेडोर आहे, सांधेदुखी सोडली तर आजवर मोठं दुखणं नाही, आणि परवा पहाटे ३ च्या सुमाराला धपधप आवाजाने जाग आली तर ती कुशीवर पडून चारही पाय मारत होती, तोंडाला फेस, खाली शू झालेली, हाका मारल्या तरी काही नाही, मग एकदम थांबलं आणि पुढे तासभर ती भिंतीला, दाराला धडकत घरभर फिरत राहिली. सकाळी उठून नेहमीसारखं खाल्लं. आता तुम्हाला विचारायचंय की ही फिट होती का, परत येईल का आणि या वयात टेस्ट-औषधांच्या मागे लागण्यात अर्थ आहे का. मी गेली २२ वर्षं प्रॅक्टिस करतोय आणि माझ्याकडे म्हातारी कुत्रीच जास्त येतात, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट. शेवटी तुम्ही लिहिलंय की "ती तडफडत होती आणि मी नुसती बघत बसले", ते मनातून काढून टाका. पूर्ण अंगाची फिट येते तेव्हा कुत्र्याला शुद्धच नसते, आपल्याला जे बघवत नाही ते त्या क्षणी तिला कळतही नसतं. तिची खरी फरफट सुरू होते शुद्धीवर येताना, तेव्हा दिसत नाही, आपण कुठे आहोत ते कळत नाही, पाय धरत नाहीत. तुम्ही तिच्या तोंडात हात घातला नाहीत, तिला दाबून धरलं नाहीत, जवळ थांबलात, हे सगळं बरोबरच केलंत.

आता फिट होती का. वर्णनावरून मला तरी फिटच वाटते, आणि पाय मारण्यापेक्षा मला नंतरचा तो एक तास जास्त सांगून जातो. फिटनंतर मेंदू थकलेला असतो, त्या काळात कुत्रं एका जागी थांबत नाही, येरझाऱ्या घालतं, धडकतं, घरच्यांना ओळखत नाही, कधी अधाशासारखं खाऊ-पिऊ लागतं, एखादं गुरगुरतंसुद्धा. कुणाचं हे १० मिनिटांत निवळतं, कुणाचं दिवसभर चालतं. शिवाय झोपेत किंवा आरामात असताना येणं हेही कुत्र्यांच्या फिटमध्ये नेहमीचं आहे. तरी मी 'वाटते' असंच म्हणेन, कारण म्हाताऱ्या कुत्र्यात फिटसारखं दिसणारं पण फिट नसलेलं बरंच काही असतं आणि तिथे चूक झाली की भलतीच औषधं सुरू होतात.

एक केस सांगतो. ११ वर्षांचा छोटा पॉमेरेनियन, महिन्यात तीनदा फिट आली म्हणून दुसरीकडून गोळ्या चालू होऊन माझ्याकडे आला, गोळ्यांनी नुसता झोपून राहायचा पण झटके काही थांबेनात. मालकांना म्हटलं पुढच्या वेळी फक्त मोबाईलवर शूट करा, बाकी काही करू नका. चार दिवसांनी व्हिडिओ आला. बेल वाजली, हा उड्या मारत दाराकडे गेला, दोनदा खोकला, आणि चिंधीसारखा खाली गळून पडला. पाय मारणं नाही, लाळ नाही. १५ सेकंदांत डोळे उघडले आणि उठून परत दाराकडे निघाला, जणू काही झालंच नाही. ती फिट नव्हतीच, हृदयाची झडप खराब झालेली आणि मेंदूला क्षणभर रक्त कमी पडून आलेली चक्कर होती. त्याला हृदयाची औषधं लागत होती आणि मिळत होत्या फिटच्या गोळ्या. म्हणून मी प्रत्येकाला विचारतो की पडलं तेव्हा अंग ताठ होतं का ढिलं, धावपळ-खोकला-आनंद यानंतर पडलं का झोपेतून, हिरड्यांचा रंग कसा होता, आणि उठल्यावर लगेच शहाण्यासारखं वागलं का गोंधळलेलं होतं. ढिलं अंग, पांढऱ्या हिरड्या आणि लगेच सावरणं असेल तर आधी हृदय बघायचं. आणि हिरड्या पांढऱ्याफटक राहिल्या, पोट फुगल्यासारखं वाटलं, कुत्रं उठेचना, तर मात्र एक मिनिट थांबायचं नाही, म्हाताऱ्या मोठ्या कुत्र्यांत प्लीहेवरची गाठ फुटून पोटात रक्तस्राव होतो तेव्हा असंच दिसतं.

दुसरी गफलत होते कानाच्या आतल्या तोलाच्या बिघाडात. एका सकाळी कुत्रं उठतं तेच मान एका बाजूला वाकडी करून, चालताना एकाच बाजूला कोलमडतं, उलट्या करतं, आणि डोळ्यांची बुबुळं घड्याळाच्या लंबकासारखी सारखी इकडून तिकडे सरकत असतात. बघणाऱ्याला वाटतं अर्धांगवायू झाला किंवा फिट आली, घाबरून लोक त्याच दिवशी कायमचं झोपवायची भाषा करतात, आणि मला फार वाईट वाटतं कारण यातली बरीच कुत्री तीन-चार दिवसांत सुधारायला लागतात, फार तर मान थोडी तिरकी राहते. यात कुत्रं शुद्धीत असतं, हाक मारली की बघायचा प्रयत्न करतं, हा फरक लक्षात ठेवा.

स्वप्नातलं पाय हलवणं तुम्हाला माहीत असेलच, हाक मारली की जागं होतं आणि लगेच ओळखतं, ते सोडून द्या. पण उलटंही असतं, म्हणजे फिट असते आणि वाटत नाही. अर्धवट फिट म्हणतो आम्ही, मेंदूच्या एका कोपऱ्यापुरती, तिच्यात फक्त तोंडाची एक बाजू फडफडते, जबडा कटकट वाजतो, एकच पाय उडतो, नाहीतर कुत्रं हवेत नसलेल्या माश्या पकडल्यासारखं करतं. हे दिसलं तर तेही शूट करा.

परत आली तर काय करायचं, हे नीट वाचा. पहिल्यांदा घड्याळ बघायचं. मी हे आग्रहाने सांगतो कारण माझी स्वतःची १४ वर्षांची कुत्री स्वयंपाकघराच्या दारात पहिल्यांदा पडली तेव्हा, इतकी वर्षं हेच काम करूनही, मला ते १० मिनिटं चाललंय असं वाटलं होतं, बायकोने फोनवर शूट केलेलं होतं म्हणून नंतर कळलं की सगळं मिळून ७० सेकंद. बहुतेक फिट एक ते दोन मिनिटांत आपोआप थांबतात. तेवढ्या वेळात आपलं काम एवढंच की आजूबाजूची खुर्ची-टेबल बाजूला करायचं, जिना जवळ असेल तर आपण मधे बसायचं, डोकं फरशीवर आपटत असेल तर खाली उशी नाहीतर घडी केलेली चादर सरकवायची, टीव्ही बंद, दिवे मंद, घरात दुसरं कुत्रं असेल तर त्याला दुसऱ्या खोलीत न्यायचं, कारण बरोबरीचं कुत्रंसुद्धा अशा वेळी अंगावर जाऊ शकतं. तोंडात हात, चमचा, पाणी, औषध काहीही घालायचं नाही. कुत्रं जीभ गिळत नाही, आपली बोटं मात्र जातात, आणि ते मुद्दाम चावत नसतं, जबडा आपोआप मिटतो. नाकाशी काही हुंगवायला धरणं, तोंडावर पाणी मारणं, गदागदा हलवणं, याने फिट थांबत नाही. हळू आवाजात बोलत राहा, शुद्धीवर येताना आधी ऐकू यायला लागलं तर ओळखीचा आवाज असलेला बरा.

आता आकडे. फिट ५ मिनिटांच्या पुढे गेली तर ती इमर्जन्सी, तेव्हा वाट बघायची नाही, गाडीत घालून निघायचं आणि वाटेत फोन करायचा. कारण स्नायूंच्या त्या सततच्या झटक्यांनी अंगाचा ताप भयंकर वाढतो, आणि जितका वेळ जातो तितकी ती औषधाला दाद देईनाशी होते. तसंच २४ तासांत दोन किंवा जास्त फिट आल्या, मधे पूर्ण शुद्धीवर आली असली तरी, किंवा एक संपून शुद्ध यायच्या आधीच दुसरी सुरू झाली, तरी लगेच न्यायचं. या गोष्टी सोडल्या तर एकच छोटी फिट येऊन गेली आणि कुत्रं सावरलं, तर मध्यरात्री धावाधाव करायची गरज नसते, एक-दोन दिवसांत दाखवायचं. तुम्ही अजून दाखवलं नसेल तर मात्र आता लांबवू नका.

का, ते सांगतो. कुत्र्यात ज्याला आपण नुसती एपिलेप्सी म्हणतो, म्हणजे मेंदूत दिसण्यासारखं काही नाही, रक्तात काही नाही आणि तरी फिट येतात, ती साधारण ६ महिने ते ६ वर्षं या वयात सुरू होते. १३व्या वर्षी आयुष्यातली पहिली फिट येते तेव्हा प्रश्न 'फिट कशी थांबवू' हा नंतरचा, आधीचा प्रश्न 'आत्ताच का आली' हा. कारणं दोन घरांत पडतात. एक, मेंदू चांगला आहे पण त्याला मिळणारं रक्त बिघडलंय: साखर खूप उतरली, लिव्हर विषारी द्रव्यं साफ करेना, किडनी थकली, कॅल्शियम-सोडियम वरखाली झालं, किंवा काहीतरी विषारी पोटात गेलं. दोन, मेंदूतच काहीतरी आहे: गाठ, छोटा स्ट्रोक, सूज. म्हाताऱ्या कुत्र्यात गाठीची शक्यता खरी आहे हे तुमच्यापासून लपवणार नाही, आणि बऱ्याचदा गाठीचं पहिलं लक्षण फिट हेच असतं, बाकी कुत्रं ठणठणीत दिसतं. पण मेंदूच्या गाठींमध्ये सगळ्यात जास्त आढळणारी मेनिंजिओमा ही मेंदूच्या आवरणातली गाठ बऱ्याचदा हळू वाढणारी असते, त्यामुळे गाठ म्हणजे उद्याच संपलं असंही नाही. आणि थोड्या कुत्र्यांत सगळं तपासूनही काहीच सापडत नाही, म्हातारपणीसुद्धा.

त्यामुळे टेस्ट एका दमात सगळ्या करायच्या नाहीत, पायऱ्यांनी जायचं. पहिल्या भेटीत नीट न्यूरोलॉजिकल तपासणी, रक्त, लघवी, बीपी, हृदय ऐकून गरज वाटली तर ईसीजी. रक्तात साखर उपाशीपोटी बघायला सांगा, हे मी मुद्दाम लिहितोय. म्हाताऱ्या कुत्र्यांत स्वादुपिंडात इन्सुलिन बनवणारी एक गाठ होते, तिच्यात साखर अधूनमधून ६० च्या खाली जाते, कुत्रं अशक्त होतं, थरथरतं, फिट येते, आणि खाल्ल्यावर तपासलं तर साखर नॉर्मल दिसते आणि सगळे निर्धास्त होतात. पहाटे फिट आली म्हणजे रात्रीच्या जेवणाला बरेच तास झालेले, म्हणून डॉलीच्या बाबतीत तर हे बघायलाच हवं. फक्त उपास किती तासांचा ते डॉक्टरांना विचारून, आपल्या मनाने नाही. पुढे छातीचा एक्सरे आणि पोटाची सोनोग्राफी, दुसरीकडे कुठे गाठ आहे का ते बघायला. एमआरआय सगळ्यात शेवटी, त्याला भूल द्यावी लागते आणि माझं मत असं की एमआरआय करायच्या आधी स्वतःला एकच विचारा, गाठ निघाली तर आपण ऑपरेशन किंवा रेडिएशन करणार आहोत का. उत्तर नाही असेल तर एमआरआय नाही केला म्हणून तुम्ही तिच्यावर अन्याय केला असं अजिबात होत नाही, तरीही फिटच्या गोळ्या आणि सूज उतरवायला स्टेरॉईड देऊन आम्ही कित्येक कुत्र्यांचे बरेच चांगले आठवडे-महिने काढलेत.

डॉक्टरांकडे जाताना डॉलीला चालू असलेलं सगळं सांगा, सांधेदुखीच्या गोळ्यांपासून ते गोचीड-पिसवांच्या औषधापर्यंत. सांधेदुखीसाठी ट्रॅमाडॉल चालू असेल तर फिट आलेल्या कुत्र्यात ते जपून वापरतात. आणि खायला द्यायच्या गोचिडांच्या गोळ्यांपैकी आयसोक्साझोलिन गटातल्या औषधांबद्दल अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण संस्थेने, २०१८ मध्ये इशारा दिलाय की काही कुत्र्यांत त्याने थरथर किंवा झटके येऊ शकतात. बहुतेक कुत्र्यांना या गोळ्या व्यवस्थित चालतात, पण जिला फिट येऊन गेलीये तिला दुसरा पर्याय विचारलेला बरा. घरात शुगरफ्री च्युइंगगम वगैरे असेल तर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) लिहिलंय का बघा, कुत्र्यात त्याने साखर धाडकन उतरते.

गोळ्या लगेच सुरू करायच्या का? एका छोट्या फिटवर मी सहसा करत नाही, तपासण्या करतो आणि नोंद ठेवायला सांगतो. ६ महिन्यांत दोन किंवा जास्त आल्या, लागोपाठ आल्या, एखादी लांबली, नंतरचा गोंधळ फार वाईट होता, किंवा मेंदूत काही असल्याची खात्री झाली, तर मात्र थांबू नये, कारण फिट येत राहिल्या की पुढच्या येणं सोपं होत जातं. जुनं आणि भरवशाचं औषध फेनोबार्बिटोन, दिवसातून दोनदा. पहिले दोन आठवडे डॉली पेंगुळलेली दिसेल, मागचे पाय झोकांड्या खातील, आणि नेमकं याच टप्प्यावर लोक "हिची तर पार रया गेली" म्हणून गोळी बंद करतात. तसं करू नका. शरीराला सवय होते, झोप कमी होते, भूक-तहान-शू मात्र वाढलेली राहते, लॅब म्हटल्यावर वजनावर लक्ष ठेवावं लागेलच. दोन आठवड्यांनी रक्तातली औषधाची पातळी बघायची, पुढे साधारण दर ६ महिन्यांनी पातळी आणि लिव्हर. लिव्हर आधीच थकलेलं असेल तर लेव्हेटिरासिटाम बरं पडतं, पण साधी गोळी दर ८ तासांनी द्यावी लागते, घरात कुणी नोकरीवर जाणारं असेल तर हे जमतं का याचा खरा विचार करा. पोटॅशियम ब्रोमाइड पण आहे, त्याला पूर्ण लागू पडायला ३ महिन्यांच्या आसपास लागतात आणि किडनी कमजोर असेल तर ते टाळलेलं बरं. कुठलंही असो, एकदा चालू केलं की आपल्या मनाने एकदम बंद करायचं नाही, गोळ्या संपल्या म्हणून दोन दिवस गेले आणि तिसऱ्या दिवशी न थांबणारी फिट घेऊन आले, असं मी नको इतक्या वेळा बघितलंय. आठवड्याची गोळी शिल्लक असतानाच नवीन आणा. माणसांच्या उरलेल्या गोळ्या वजनाच्या हिशेबाने देणं तर नकोच. आणि घरी ठेवायला इमर्जन्सीचं औषध मिळतं, नाकात मारायचं मिडाझोलाम किंवा गुदद्वारातून द्यायचं डायझेपाम, ते तुमच्या डॉक्टरांकडून तिच्या वजनाप्रमाणे लिहून घ्या आणि कसं द्यायचं ते त्यांच्यासमोर एकदा करून बघा, पहाटे ३ वाजता हात थरथरत असताना शिकता येत नाही.

अपेक्षा पण आधीच सांगून ठेवतो. औषधाने फिट शून्यावर येतील असं नाही, आल्या तर दूर-दूर, छोट्या आणि लवकर सावरणाऱ्या, एवढं झालं तर मी ते यश धरतो.

घरात थोडे बदल करा. जिन्याला अडसर, गुळगुळीत फरशीवर चटई किंवा रबर मॅट, झोपायची जागा जमिनीलगत, सोफ्यावर किंवा पलंगावर एकटी नको, पाण्याची टाकी-हौद असेल तर झाकलेला. खाण्याच्या वेळा ठरलेल्या ठेवा, फार वेळ उपाशी नको. एक वही करा, तारीख, वेळ, किती सेकंद, आधी काय करत होती, कुठल्या बाजूने सुरू झालं, नंतर किती वेळ गोंधळ, बस. मधल्या दिवसांचंही लिहा: एकाच दिशेने गोल फिरते का, ताटातलं एका बाजूचंच खाते का, कोपऱ्यात तोंड घालून उभी राहते का, रात्री उगाच जागते का. पहिल्या तीन गोष्टी दिसल्या तर मेंदूत काहीतरी आहे अशी शंका बळावते. नुसतं रात्री जागणं आणि घरातच हरवल्यासारखं वागणं म्हातारपणाच्या विसरभोळेपणातही होतं.

तुमचा शेवटचा प्रश्न, या वयात अर्थ आहे का. १३ हे वय आहे, आजार नाही. रक्त आणि लघवी तपासणं तिला काही जड नाही, आणि त्यात साखर, कॅल्शियम असं काही सापडलं तर त्यावर करण्यासारखं बरंच असतं, म्हणून तेवढं तरी कराच. त्यापुढे किती जायचं ते तिची तब्येत, तुमचा वेळ आणि पैसा हे सगळं बघून, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. आणि कधी थांबायचं हे मला फिटच्या संख्येवरून ठरवता येत नाही, मधल्या दिवसांवरून येतं. दोन महिन्यांतून एकदा फिट येते पण मधे ती दारात तुमची वाट बघते, खाते, शेपूट हलवते, तर अजून वेळ आहे. गोळ्या बदलून, वाढवूनही आठवड्यातले बरेच दिवस ती तुम्हाला ओळखेनाशी झाली, खाणं सुटलं, उठता येईना, तर तेव्हा शांतपणे निरोप द्यायचं बोलूया, आणि ते मी कुणालाही फोनवर ठरवू देत नाही, येऊन, कुत्र्याजवळ बसून ठरवतो.

आत्ता तिथे नाहीये आपण. या आठवड्यात अपॉइंटमेंट घ्या, रक्त-लघवी करून घ्या, आज रात्रीपासून तिचं अंथरूण तुमच्या खोलीत जमिनीवर घाला आणि फोन चार्ज करून उशाशी ठेवा. दुसरी फिट आली, तर व्हिडिओ आणि रिपोर्ट दोन्ही दाखवा, मग गोळ्यांचं ठरवू.